इंजेक्शनच्या जागेची फेरपालट

(नेरडीगोंडा येथे मधुमेही रुग्ण व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कुंटाला धबधब्यामुळे दूरदूरच्या लोकांना परिचित असलेल्या आपल्या या गावी मराठीतून बोलण्याची संधी मला मिळाली, याचा मला आनंद वाटतो. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील माणसांचे नातेसंबंध जुने आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. पुढे सीमा बदलल्या, तरी सोयरिकी टिकल्या, कापसाची शेतीही टिकली आणि दुर्दैवाने दोन्हीकडचे आजारही सारखेच राहिले.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी वैद्यकीय व्यवसायातील नाही. मी कलाशाखेचा पदवीधर असून प्रसिद्धीचे काम करतो. औषध कोणते घ्यावे आणि किती घ्यावे, हे सांगण्याचा अधिकार आपल्या डॉक्टरांचा आहे. परंतु घेतलेले औषध वाया जाऊ नये, उलटू नये, यासाठी घरच्या घरी जी काळजी घ्यावयाची, तीविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार मला माझ्या घरातील एका प्रसंगाने दिला आहे.

माझे वडील कित्येक वर्षे स्वतःच्या हाताने इन्सुलिन टोचून घेत असत. नाभीच्या उजव्या बाजूची एक जागा त्यांनी पक्की केली होती. तेथे सुई टोचली तर दुखत नाही, असे ते समाधानाने सांगत. त्या जागी हळूहळू लिंबाएवढा मऊ फुगवटा आला. इकडे रक्तातील साखर आटोक्यात येईना, म्हणून इन्सुलिनची मात्रा वाढत गेली. पुढे कोणीतरी त्यांना जागा बदलण्यास सांगितले. सल्ला योग्यच होता. परंतु मात्रेविषयी कोणी काही बोलले नाही. त्यांनी सकाळी तीच वाढलेली मात्रा डाव्या बाजूच्या निरोगी त्वचेत घेतली. दुपार होण्यापूर्वी ते अंगणात घामाने निथळत, असंबद्ध बोलत असलेले आढळले. वेळीच साखरेचे पाणी पोटात गेले आणि दवाखाना गाठता आला, म्हणून ते वाचले. त्या काळात मी मधुमेहावरील पत्रके लिहून गावोगाव पाठवीत होतो. मात्र स्वतःच्या वडिलांच्या पोटावरील तो फुगवटा मी एकदाही पाहिला नव्हता. आज मी येथे उभा आहे तो या एका गोष्टीसाठी.

इन्सुलिन हे आपल्या स्वादुपिंडात तयार होणारे संप्रेरक होय. फ्रेडरिक सँगर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याची रचना उलगडली. ५१ अमिनो आम्लांच्या साखळ्यांनी ते बनलेले असते, हे त्याने दाखविले व त्यासाठी त्याला १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. असा प्रथिनासारखा पदार्थ तोंडाने घेतला तर जठरात अन्नाप्रमाणेच पचून जातो. म्हणूनच तो त्वचेखालील चरबीच्या थरात टोचावा लागतो. कॅनडातील टोरांटो येथे ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला त्याचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता आणि टोचल्या जागी गळू झाले. अर्क अधिक शुद्ध करून त्याच महिन्यात पुन्हा देण्यात आला, तेव्हा त्या मुलाची प्रकृती सुधारली. आजचे इन्सुलिन अत्यंत शुद्ध असते. तथापि टोचण्याच्या जागेची काळजी मात्र संपलेली नाही.

याचे कारण असे की, इन्सुलिन चरबीच्या पेशींची वाढ करते. एकाच ठिकाणी ते रोज पडत राहिले आणि तीच सुई पुनःपुन्हा वापरली गेली, तर तेथील पेशी फुगतात व गाठ तयार होते. गाठीत वेदना कमी जाणवते, त्यामुळे रुग्णाला तीच जागा आवडू लागते. परंतु गाठीतून औषध कधी उशिरा, कधी अपुरे, तर कधी अकस्मात रक्तात उतरते. परिणामी आज साखर चढलेली आणि उद्या उतरलेली, असा खेळ सुरू होतो. पथ्य पाळणाऱ्या रुग्णालाही मग घरचे लोक विनाकारण बोल लावतात.

स्पेनमध्ये ४३० रुग्णांची पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश रुग्णांना अशा गाठी आढळल्या. जे रुग्ण योग्य रीतीने जागा बदलीत होते, त्यांच्यात मात्र हे प्रमाण अवघे ५ टक्के होते.  फरक होता तो मुख्यतः शिस्तीचा.

ही शिस्त आपणा शेतकऱ्यांना नवी नाही. एकाच वावरात वर्षानुवर्षे कापूसच घेतला तर जमिनीचा कस उतरतो, म्हणून आपण ज्वारी, तूर यांची फेरपालट करतो. शरीराच्या जमिनीचेही तसेच आहे. २०१५ साली रोम येथे अनेक देशांतील तज्ज्ञ एकत्र आले आणि २०१६ साली त्यांच्या शिफारशी प्रसिद्ध झाल्या. त्यांतील फेरपालटीची पद्धत साध्या भाषेत पुढीलप्रमाणे सांगता येईल.

पोट म्हणजे एक भाकरी समजा आणि नाभी मध्ये धरून तिचे चार चतकोर करा. नाभीभोवती दोन बोटे जागा मोकळी सोडा. एक आठवडा एकाच चतकोरात इंजेक्शन घ्या. परंतु प्रत्येक वेळी आधीच्या टोचणीपासून निदान एक सेंटिमीटर, म्हणजे साधारण एका बोटाच्या रुंदीएवढे, अंतर ठेवा. आठवडा संपला की घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पुढच्या चतकोरात जा. दिवस लक्षात राहण्यासाठी गावच्या आठवडी बाजाराचा दिवस धरावा. बाजाराला निघण्यापूर्वी चतकोर बदलला, की विसर पडणार नाही. भिंतीवरील कॅलेंडरवर तशी खूण केल्यास अधिक उत्तम.

पोटाप्रमाणेच मांडीचा वरचा पुढील व बाहेरचा भाग, कुल्ल्याचा वरचा बाहेरील भाग आणि दंडाची मागील बाजू या जागाही चालतात. मांडीचे व कुल्ल्याचे डावे-उजवे असे दोन भाग करून ते आठवड्याआड वापरावेत. मात्र सकाळी पोट, उद्या मांडी, परवा दंड अशी मन मानेल तशी उडी मारू नये. नेहमीच्या साध्या इन्सुलिनचे शोषण पोटातून लवकर आणि मांडीतून वा कुल्ल्यातून सावकाश होते. म्हणून कोणत्या वेळेचे इंजेक्शन शरीराच्या कोणत्या भागात घ्यावयाचे, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे व ती वेळ-जागा सांभाळावी. शेतावर चालत जावयाचे असेल, तर निघण्यापूर्वी मांडीत टोचू नये. कारण श्रमाने औषध लवकर भिनते.

महिन्यातून एकदा स्नानाच्या वेळी साबणाच्या ओल्या हाताने टोचण्याच्या सर्व जागा चाचपून पाहाव्यात. निरोगी त्वचा चिमटीत सहज येते. गाठीची त्वचा जाड व रबरासारखी लागते. वृद्धांची पाहणी घरातील सुनेने, मुलाने किंवा नातवंडाने करावी. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना केवळ तपासणीचा कागद दाखवून परतू नये. टोचण्याची जागाही अवश्य दाखवावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. गाठ आढळली तर त्या जागी टोचणे थांबवावयाचे, हे खरे. परंतु तत्पूर्वी डॉक्टरांशी बोलावे. गाठीत जे औषध अर्धवट उतरत होते, ते निरोगी जागेतून पूर्णपणे उतरते. म्हणून जागा बदलताना अनेकदा मात्रा कमी करावी लागते. ती किती करावयाची, हे डॉक्टर ठरवतील. पुढील काही दिवस साखर वरचेवर तपासावी. गाठीला विश्रांती मिळाली, तर ती काही महिन्यांत बहुधा ओसरते.

साखर उतरल्याची लक्षणे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावीत. घाम येणे, हात थरथरणे, छाती धडधडणे, एकाएकी भूक लागणे आणि बोलण्यात गोंधळ होणे, ही ती लक्षणे होत. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्वरित बोलवावी.

बंधुभगिनींनो, या साऱ्याला पैसा लागत नाही. लागते ती आठवड्यातून एक आठवण आणि महिन्यातून एकदा पाहण्याची सवड. माझे वडील त्या प्रसंगानंतर कॅलेंडरवर स्वतः खुणा करू लागले, त्यांची मात्रा कमी झाली आणि लिंबाएवढी गाठ काही महिन्यांत हाताला लागेनाशी झाली. आज घरी गेल्यावर, जो कोणी इन्सुलिन घेत असेल त्याच्याजवळ बसा आणि विचारा, “सुई कुठे टोचता, दाखवा पाहू.” एवढे एक काम आपण केलेत, तर माझे येथे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.