डोंगराआडचा ढोल आणि मोबाइलची रेंज

आज आपल्याला बोलायचंय ते आकाशातल्या लहरींबद्दल, ज्यांच्यावर आपल्या मोबाइलचं इंटरनेट चालतं.

आमच्या गटात हा विषय निघाला तो रेशनवरून. अंगठा घ्यायचं मशीन दुकानात चालेना, म्हणून दुकानदार ते घेऊन टेकावरच्या वडाखाली बसला. बायका पिशव्या घेऊन उन्हात रांगेत. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी २०२३ पासून मोबाइलच्या ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून लागते. लाडक्या बहिणीची ई-केवायसी मोबाइलवर. आणि आपण काय म्हणतो? "रेंज नाही हो." पाऊस पडला नाही असं म्हणावं तसं. पण पाऊस कुणाच्या हातात नसतो. रेंज कुणाला मिळणार, हे बरंचसं दिल्लीत ठरतं.

ते कसं, हे समजायला जत्रा आठवा. आपण डोंगराच्या अलीकडे असतो तेव्हा आधी काय ऐकू येतं? ढोल. झांजा जवळ गेल्यावरच ऐकू येतात. मोबाइलच्या लहरी आवाजाच्या नसतात (वर्तमानपत्रात 'ध्वनिलहरी' छापतात, त्याने आमचाही घोटाळा झाला होता), पण त्यांचं वागणं थोडंफार असंच. ७०० मेगाहर्ट्झची लहर ढोलासारखी: लांब जाते, झाडीतून, भिंतीतून बऱ्यापैकी आत येते. एक टॉवर जास्त वाड्यांना पुरतो. फाइव्ह-जीची ३३०० मेगाहर्ट्झची लहर झांजेसारखी. तिच्यावरून माल पुष्कळ वाहून नेता येतो, पण ती थोड्याच अंतरावर दमते. दाट वस्तीच्या शहराला ती चालते. विखुरलेल्या वाड्या-पाड्यांना ढोल हवा.

या लहरी कुणी कुठल्या वापरायच्या हे सरकार ठरवतं आणि कंपन्यांना लिलावाने देतं. २०१६ मध्ये ७०० मेगाहर्ट्झ पहिल्यांदा लिलावात आली. चांगली लहर, म्हणून तिचा पायाभूत भाव १८०० मेगाहर्ट्झच्या चौपट धरला होता: देशभरासाठी एका मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये. एकही बोली लागली नाही. २०२१ मध्ये भाव उतरवून ६,५६८ कोटी केला, तरी कुणी घेतली नाही. २०२२ मध्ये ३,९२७ कोटींवर आल्यावर जिओने १० मेगाहर्ट्झ घेतले. बाजारात न विकलेली भाजी संध्याकाळी निम्म्या भावात देतात, तसंच झालं म्हणा ना. फक्त इथे संध्याकाळ व्हायला सहा वर्षं लागली.

आणि ती सहा वर्षं कुठली, ते बघा. त्यातच कोरोना आला, शाळा मोबाइलवर गेली. कोकणात रेंजसाठी डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केल्याच्या बातम्या आपण वाचल्या. त्या वेळी डोंगर ओलांडणारी लहर देशात रिकामी पडून होती.

सरकारची बाजूही सांगायला हवी. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टू-जीचे १२२ परवाने रद्द केले होते, कारण लहरी वाटण्याची पद्धत चुकीची होती. त्यानंतर स्वस्तात दिल्याचा ठपका कुणालाच नको होता, असं आम्हाला वाटतं. पण लहर ही धान्यासारखी कोठारात साठत नाही. आज वापरली नाही तर आजची गेली.

दुसरं उदाहरण आपल्या पालघरचं. टीव्हीसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १५ चॅनल मावतात. त्यातले निदान १२ देशात कुठेही मोकळे सापडतात, असं आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी मोजून दाखवलं. मग त्याच मोकळ्या लहरींवर पालघर तालुक्यात खामलोली आणि आसपासच्या गावांत इंटरनेट पोहोचवून बघितलं. पोहोचलं. पण परवाना प्रयोगापुरता होता. पुढे त्या लहरी सगळ्यांना खुल्या झाल्या नाहीत, म्हणून गावं जोडायचं नंतरचं काम ५.८ गिगाहर्ट्झच्या खुल्या लहरींवर आलं. या लहरींना दोन्ही टोकांच्या अँटेना एकमेकींना दिसाव्या लागतात. मध्ये टेकाड आलं की दुसरा खांब उभारा.

नुसती लहर मिळाली म्हणजे झालं, असंही नाही. टॉवरला वीज लागते, मागे केबल लागते. ग्रामपंचायतींपर्यंत केबल न्यायची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तीच आजची भारतनेट. किती कार्यालयांत तिची पेटी भिंतीवर आहे आणि दिवा विझलेला आहे, ते तुमचं तुम्ही बघा. २०२२ मध्ये केंद्राने रेंज नसलेल्या २४,६८० गावांना फोर-जी द्यायची योजना मंजूर केली. हे काम बीएसएनएलकडे आहे आणि बीएसएनएललाही ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लिलावाशिवाय मिळाल्या आहेत. म्हणजे ढोल आता दोघांकडे आहे. तो आपल्या डोंगरामागे वाजतो का, एवढंच विचारायचं.

विचारायचा हक्क आहे का, असं एका ताईंनी बैठकीत विचारलं. आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत. निमित्त होतं क्रिकेटच्या प्रक्षेपणाचं, पण लागू सगळ्यांना. गायरानासारखंच, लहरी गावाच्याही आहेत.

तर कामाचं बोलू. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा होते, तिथे हा विषय घ्या. त्याआधी कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलीला कामाला लावा. ट्रायच्या नियमाप्रमाणे प्रत्येक मोबाइल कंपनीला आपल्या रेंजचा नकाशा वेबसाइटवर ठेवावा लागतो. त्यात आपली वाडी रंगवलेली आहे का, ते तिला बघायला सांगा. मग रेशन दुकान, अंगणवाडी, शाळा, रोजगार हमीचं काम, अशा चार ठिकाणी उभं राहून फोन लागतो का ते तारीख-वेळेसह वहीत लिहा. नकाशात रंग आणि वहीत 'नाही', असं निघालं तर दोन्ही कागद ठरावाला जोडा. ठरावात तीन गोष्टी विचारा: भारतनेटची पेटी चालू आहे का, फोर-जीच्या यादीत आपलं गाव आहे का, आणि जवळच्या टॉवरवर ७०० मेगाहर्ट्झ लावलंय का. ठरावाची एक प्रत तहसीलला द्या, एक बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयाला.

आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.