नोंदवहीतले गाव
(मंडळाच्या श्रावण महिन्यातील सभेत केलेले भाषण)



मंडळाच्या कपाटातली जुनी कागदपत्रे लावण्याचे काम आपण आम्हा चौघांकडे सोपवले आहे. आमच्यात इतिहासाचे प्राध्यापक कोणी नाही. तिघे राज्य शासनाचे नोकर, त्यातले दोघे डिप्लोमा करून उपयंत्री झालेले. आमच्या खात्यात एक बोलणे नेहमीचे आहे : जे मेजरमेंट बुकात नाही, ते काम झालेच नाही. त्यामुळे नोंदीची किंमत आपल्याला कळते, असा आमचा समज होता. तो समज इंग्लंडमधल्या एका खेड्याने दुरुस्त केला. आज त्याच खेड्याची हकीकत सांगायची आहे.

आमच्यातल्या एकाचा भाचा नोकरीनिमित्त शेफील्डला असतो. त्याने डर्बीशायर परगण्यातल्या एका गावाचे फोटो पाठवले. गावाचे नाव लिहिताना ‘एयम’ असे दिसते, पण बोलताना म्हणतात ‘ईम’. साधी दगडी घरे, पुढे फुलझाडे. पण काही घरांपुढे पाट्या आहेत आणि त्यांवर त्या घरात साडेतीनशे वर्षांपूर्वी वारलेल्या माणसांची नावे आहेत.

ही नावे राहिली कशी? तिकडे चर्चच्या हद्दीतल्या गावाला ‘पॅरिश’ म्हणतात. १५३८ साली आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशमध्ये वही ठेवावी आणि दर आठवड्याला त्यात बारसे, लग्न व दफन यांची नोंद करावी. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी तिकडे १८३७ साली सुरू झाली. त्याआधीची तीनशे वर्षे गावोगावच्या सामान्य माणसांचा हिशेब ह्या वह्यांनी सांभाळला. राजेरजवाड्यांचा इतिहास कोणीही लिहितो. शिंप्याचा आणि खाणकामगाराचा इतिहास त्या वहीत आहे.

ईमच्या वहीत ७ सप्टेंबर १६६५ रोजी जॉर्ज व्हिकर्स नावाच्या माणसाच्या दफनाची नोंद आहे. तो शिंप्याकडे काम करी. लंडनहून कापडाचा गठ्ठा आला, तो ओलसर होता म्हणून विस्तवाजवळ वाळत घातला आणि त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग गावात शिरला, असे तिथे सांगतात. लंडनमध्ये त्या वर्षी प्लेगचा कहर होताच. हिवाळ्यात साथ जरा ओसरली, पण १६६६ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा भडकली. लोक गाव सोडण्याच्या तयारीला लागले. ज्यांना शक्य होते असे काही जण आधीच निघून गेले होते.

त्या वेळी विल्यम मॉम्पेसन हा तरुण धर्मगुरू गावात नवा होता. त्याच्याआधीचे थॉमस स्टॅन्ली यांना राजाज्ञेप्रमाणे प्रार्थनाविधी मान्य नाही म्हणून पद सोडावे लागले होते, पण गावाचा विश्वास त्यांच्यावरच होता. दोघांची मते परस्परविरुद्ध. तरीही दोघे एकत्र आले आणि गावकऱ्यांना म्हणाले, की आपण बाहेर पडलो तर रोग शेजारच्या गावांत जाईल, म्हणून हद्द ओलांडायची नाही. गावाने ते मान्य केले. चर्च बंद करून प्रार्थना उघड्या घळीत, अंतर राखून होऊ लागली. ज्याचे मयत त्यानेच आपल्या जागेत पुरावे, असे ठरले. शेजारची गावे हद्दीवरच्या दगडापाशी धान्य ठेवून जात. दगडाला पाडलेल्या खळग्यांत व्हिनेगर भरून त्यात पैसे टाकलेले असत. चॅट्सवर्थच्या वाड्यातून डेव्हनशायरच्या अर्लनेही रसद पुरवली.

एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले आपल्या हातांनी पुरली. मॉम्पेसनने आपली मुले आधीच बाहेर पाठवली होती. पत्नी कॅथरीन मात्र त्याच्याजवळ राहिली आणि २५ ऑगस्ट १६६६ रोजी गेली. नोव्हेंबरात साथ थांबली, तोवर चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसे गेली होती.

आता आमच्या मुद्द्याकडे येतो. ३५० लोकांच्या वस्तीतले २६० गेले, असे पुष्कळ दिवस सांगितले जाई. पण त्या काळात घरातल्या चुलींवर कर होता. त्याचे १६६४ चे कागद तपासल्यावर वस्ती सातशेच्या आसपास असावी असे दिसले. पुढे २०१६ साली संशोधकांनी दफनाच्या तारखा, कुटुंबे आणि नाती जुळवून गणित मांडले. त्यांचा निष्कर्ष असा, की उंदरांकडून झालेली लागण चौथा हिस्साच होती. तीन हिस्से लागण माणसाकडून माणसाला झाली. मयताची नोंद करणाऱ्याला पिसू, जंतू काही ठाऊक नव्हते. त्याने फक्त नाव आणि तारीख टाकली. तेवढ्यावर साडेतीनशे वर्षांनी शास्त्र उभे राहिले.

त्या गावाने स्मृती दुःखातच ठेवली नाही. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ‘प्लेग संडे’ पाळतात, त्याच घळीत जमून प्रार्थना करतात. त्याच सुमारास विहिरी-झऱ्यांपाशी फळ्यांवर ओली माती थापून, तिच्यात फुलांच्या पाकळ्या बसवून चित्रे करतात. आपल्या गणपतीपुढच्या फुलांच्या रांगोळीची आठवण व्हावी, असे ते काम. पाणीपुरवठ्यात नोकरी करणाऱ्या आम्हाला विहिरीचा हा मान विशेष आवडला.

आणि आपले इंदूर? प्लेग इथेही येऊन गेला. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ साली होळकर दरबाराला शहराच्या रचनेचा अहवाल दिला. घाण आणि उंदीर हटवावेत म्हणून त्याने दिवाळीत मिरवणूक काढली, तिच्यात उंदराची मोठी प्रतिमा होती. गेडिसचे नाव राहिले. पण त्या प्लेगात आपल्या वाड्यांतून कोण गेले, त्यांची नावे? आपल्या घरांत आजी एवढेच सांगे, की ‘प्लेगात सगळे रानात झोपड्या बांधून राहिले होते.’ कोण, किती, परत किती आले, ते आजीबरोबर गेले.

इतके जुने तरी कशाला काढायचे? कपाटातल्या इतिवृत्ताच्या वह्या आम्ही वर्षवार लावल्या. मंडपाचा खर्च, नाटकांच्या तालमी, लाडवांचे वजन, सगळे सापडते. २०२०-२१ ची पाने मात्र कोरी आहेत. सभा झाली नाही म्हणून इतिवृत्त नाही. आमच्या खात्याच्या नियमाने हे बरोबरच आहे. पण त्याच वर्षी आपली किती माणसे गेली! दरवर्षी आरतीला झांजा वाजवणारे काका, मोदकांची उकड काढणाऱ्या काकू. कित्येकांच्या अंत्यविधीला आपल्याला जाताही आले नाही. त्यांची नावे आज आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहेत, म्हणूनच कोणी ती लिहिली नाहीत. दोष कोणाला द्यायचा? त्या वर्षी आम्हीही कार्यकारिणीत होतो.

म्हणून विनंती अशी. यंदा उत्सवाचे दहाही दिवस मंडपात, प्रसादाच्या टेबलाशेजारी, एक जाड बांधणीची वही ठेवणार आहोत. प्रत्येक घराने आपल्या गेलेल्या माणसाचे पूर्ण नाव, मूळ गाव, इंदुरात कधी व कशासाठी आले, काय काम केले आणि कधी गेले, एवढे लिहावे. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी सांगावे, आम्ही लिहून घेऊ. त्याच वहीत मागून जन्म आणि लग्नेही घालू, म्हणजे वही केवळ शोकाची राहणार नाही. अक्षर सुंदर नको, सुवाच्य हवे. तारीख आठवत नसेल तर तिथी चालेल.

अनंत चतुर्दशीला मूर्ती विसर्जन होईल, मंडप उतरेल, वही कपाटात जाईल. पहिल्या पानावर २०२१ असे लिहून ठेवले आहे. खालची जागा आपण भरायची आहे.

गणपती बाप्पा मोरया!