वाढीव खोली आणि तिसरी तार



डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर सदस्य होते. विजेचा विषयही त्या वेळी त्यांच्याच खात्याकडे होता. देशाच्या विजेचा विचार तेव्हापासून होत आला. आपल्या घरातल्या विजेचा विचार मात्र आपण अजूनही वायरमनवर सोपवून मोकळे होतो. म्हणून आज या विषयावर बोलण्याचे ठरविले.

१९९६ साली आम्ही आय.टी.आय.मध्ये वीजतंत्रीचे शिक्षण घेत होतो. घरामागे पत्र्याचे नवे स्वयंपाकघर काढले. पैसे वाचावेत म्हणून वायरिंग आम्हीच केले. जुन्या बोर्डातून दोन तारा ओढल्या, जोडाला पट्टी गुंडाळली. तिसरी तार, म्हणजे अर्थिंग, नव्हतीच. फ्रीजच्या प्लगला तीन पिना होत्या, म्हणून सॉकेटमध्ये अर्थची जागा न्यूट्रललाच जोडून दिली. चार महिने सारे सुरळीत चालले. पावसाळ्यात न्यूट्रलचा जोड सुटला आणि त्याच वाटेने फ्रीजच्या पत्र्यात वीज उतरली. ओल्या हाताने आईने दार उघडले आणि ती दूर फेकली गेली. आई वाचली, परंतु चूक आमची होती हे आम्ही विसरलो नाही.

पुष्कळांना वाटते, एमसीबी आहे, आता भीती नाही. एमसीबी तारेला जपते, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी त्याहून अधिक प्रवाह वाहिल्यावर पडतो. माणसाचा जीव जायला त्याचा अगदी अल्प अंश पुरतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत फरक पडताच तो क्षणार्धात वीज तोडतो. त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. तथापि, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी हाती आले, तर तोही वाचवू शकत नाही.

घर बांधताना किंवा खोली वाढविताना एवढे पाळा. आधी भार मोजा : २३० व्होल्टवर २००० वॅटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. दिवे-पंख्यांना १.५, मोठ्या सॉकेटला २.५ आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार सामान्यतः वापरतात. आयएसआय चिन्ह पाहून घ्या. वाढीव खोलीसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र सर्किट आणा. प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरवी तार न्या. ती न्यूट्रलला कधीही जोडू नका. अर्थिंगचा रोध अर्थ टेस्टरने मोजून घ्या. प्लास्टरपूर्वी भिंतीतल्या पाइपांची छायाचित्रे काढून ठेवा, म्हणजे पुढे खिळा ठोकताना घात होणार नाही. काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून चाचणी अहवाल मागा, आणि भार वाढत असेल तर वीज कंपनीकडे रीतसर अर्ज करा.

विद्यार्थी मित्रांनो, घरी गेल्यावर एवढेच पाहा : सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे खरोखर तार आहे का? स्वतः बोर्ड उघडू नका. जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. फरशी आणि रंग यांवर आपण हौसेने खर्च करतो. भिंतीत दडलेल्या या तारेवरही तो करावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.