शहाजी आणि शरीफजी

आमच्या मालेगावात, म्हणजे नाशिकच्या नव्हे, वाशिमच्या, शहाजी नावाचा कुणी भेटला की मी विचारतो, नाव कुठून आलं? उत्तर शिवरायांच्या वडिलांपाशी थांबतं. पण त्यांना ते कुठून मिळालं? मालोजीराजे भोसल्यांनी मुलासाठी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला, अशी परंपरा आहे. दोन मुलगे झाले : शहाजी आणि शरीफजी. एका पिराचं नाव दोघा भावांत वाटलं! शाह फारसी, शरीफ अरबी, ‘जी’ आपल्या घरचा. शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत पडले. शहाजी हे नाव मात्र नातवाबरोबर तंजावरच्या गादीवर बसलं. १९४७ मध्ये कोल्हापूरला दत्तक आलेल्या महाराजांनीही तेच घेतलं. आता शहाजी ऐकून कुणाला फारसी आठवत नाही. शरीफ नावाच्या माणसाला मात्र लोक कौतुकानं म्हणतात, ‘मराठी छान बोलता हो तुम्ही!’