मागे गर्दी नसलेल्या कैद्याचा वकील



मुनिरक्यात खोली घेऊन राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी लाल किल्ला तिकीट काढून पाहिलाय. ५ नोव्हेंबर १९४५ला तिथं आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरबक्षसिंग ढिल्लों यांच्यावर लष्करी खटला सुरू झाला. आरोप सम्राटाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. न्यायाला बसलेले सातही जण लष्करी अधिकारी, त्यांतले चार ब्रिटिश. ज्या सैन्यानं आरोप ठेवला, त्याचेच अधिकारी न्यायाधीश! बचावाला भुलाभाई देसाई. गुलाम देशालाही स्वातंत्र्यासाठी लढायचा हक्क आहे, असा त्यांचा युक्तिवाद. तो मानला गेला नाही. जन्मठेप, बडतर्फी, थकलेला पगार जप्त.

३ जानेवारी १९४६ला सरसेनापती ऑचिनलेक यांनी जन्मठेप माफ केली. बडतर्फी आणि पगारजप्ती मात्र कायम राहिली. शाळेत हा आपला विजय म्हणून शिकवतात. होताही. पण नियम तसाच राहिला; रस्त्यावर देश उतरला होता म्हणून एका माणसानं सही केली.

आता सलीम हमदान बघा. ओसामा बिन लादेनचा ड्रायव्हर, ग्वांतानामोत कैद. त्याच्यासाठी कोण मोर्चा काढणार? तरी २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, राष्ट्राध्यक्षांनी स्वतःच्या हुकमानं उभारलेली ही लष्करी न्यायालयं बेकायदा आहेत. काही महिन्यांतच तिथल्या संसदेनं कायदा करून ती पुन्हा उभी केली, हेही खरं. पण २००९ला नियम परत बदलले आणि क्रूर, अमानुष वागणूक देऊन घेतलेले जबाबही बाद ठरले.

आपल्याकडे? अटकेचं कारण सांगा, वकील द्या, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा, हे कलम बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत मांडलं. आजचं अनुच्छेद २२ ते हेच. आपल्या वस्त्यांत पोलीस येतात तेव्हा त्याची किंमत कळते. त्यातच दोन अपवाद आहेत: प्रतिबंधात्मक स्थानबद्धता आणि शत्रुदेशाचा नागरिक. शत्रू कोण, हे युद्धकाळात सरकारच ठरवतं. १९६२च्या युद्धात चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत डांबलं. त्यांतले कितीतरी इथंच जन्मलेले. खटला नाही, पक्षपातीसुद्धा नाही.

बाबासाहेबांच्या कलमावर बोट ठेवताना मलाही अवघड जातं. तरी माझं म्हणणं आहे, शत्रुदेशाच्या नागरिकाचा हा अपवाद निदान वकिलाच्या हक्कापुरता काढायला हवा.