भय, प्रेम आणि शील



देवगाव रंगारीच्या पंचक्रोशीत आम्हाला पुष्कळदा विचारले जाते, "तुम्ही देव सोडला, मग पाप करताना भिणार कुणाला?" हा प्रश्न टाळून चालणार नाही. उद्या आपली मुलेही तोच विचारतील.

ज्यांनी देव मानला, त्यांनीही या भयाचा खोल विचार केला आहे. कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्राएल, म्हणजेच 'शनवार तेली', आपल्याला परके नाहीत. त्यांचे मुंबईतील पहिले प्रार्थनामंदिर सॅम्युअल दिवेकर यांनी १७९६ साली उभारले. त्याच वर्षी तिकडे रशियात श्नेऊर झलमन या ज्यू गूढवादी आचार्यांचा 'तान्या' हा ग्रंथ छापला गेला. ईश्वराचे प्रेम व ईश्वराचे भय हे साधनेचे दोन पंख आहेत, असे त्यात प्रतिपादन आहे. भयाच्याही दोन पायऱ्या ते मानतात. ईश्वराच्या महानतेच्या चिंतनातून येणारे भय ही खालची. ईश्वरासमोर आतूनच लाज वाटून अंतःकरण नम्र होणे ही वरची. म्हणजे वरचे भय हे घाबरणे नसून एक प्रकारची दृष्टीच होय.

औरंगाबाद लेण्यांत, लेणे क्रमांक ७ मध्ये, आग, सिंह, साप, हत्ती अशा आठ संकटांतून तारणारा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. भय माणसाला शरण शोधायला लावते, हे आपल्या पूर्वजांनीही जाणले होते. परंतु भगवंतांनी जगाचे रक्षण करणारे दोन गुण सांगितले : हिरी आणि ओत्तप्प. हिरी म्हणजे दुष्कर्माची स्वतःशीच वाटणारी लाज. ओत्तप्प म्हणजे त्याच्या परिणामाची धास्ती. येथे शिक्षा देणारा कोणी बसलेला नाही. आणि ईश्वरप्रेमाच्या जागी आहे सर्व प्राणिमात्रांविषयी मैत्री.

आम्ही बँकेत रोकड मोजतो. तपासनीस येणार म्हणून हिशेब चोख ठेवणे ही खालची पायरी. एखादी निरक्षर आजी पैसे न मोजताच पदराला बांधते. तिला एक नोट कमी देण्याची आपली आपल्यालाच लाज वाटणे, हे शील.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. त्यांनी देवाची जागा रिकामी ठेवली नाही. तेथे नीती बसवली. ती जागा आपल्या घरात रिकामी राहिली, तर तेथे दारू, भांडण आणि पुन्हा अंगारेधुपारे येऊन बसतील. म्हणून मुलांना वंदना पाठ करून घेऊन थांबू नका. हिरी आणि मैत्री आपल्या वागण्यातून शिकवा. विचारणाऱ्यांना तेच आपले उत्तर.

नमो बुद्धाय! जयभीम!