पाव मोठा की अष्टमांश?



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी घरातलीच एक गोष्ट सांगते. माझी नात चौथीत आहे. "पाव मोठा की अष्टमांश?" असे विचारताच म्हणाली, "अष्टमांश! चारापेक्षा आठ मोठे ना!" मला पावकी-निमकी आजही तोंडपाठ आहे, पण तिला पटवावे कसे, ते सुचेना.

सूनबाईने पुस्तकातल्या क्यूआर कोडवर मोबाईल धरला. पडद्यावर दोन सारख्या पट्ट्या आल्या. एकीचे चार भाग, दुसरीचे आठ. पोरीने भराभर बोट लावून बरोबर उत्तरे दिली. "का?" म्हटले, तर गप्प! मग मी सारख्याच दोन भाकरी पुढ्यात ठेवल्या. तिनेच त्या मोडल्या नि म्हणाली, "वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो."

पुस्तकांतील अशा कोडांचा मार्ग परितेवाडीच्या (जि. सोलापूर) रणजितसिंह डिसले गुरुजींनी दाखविला. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरपैकी निम्मे त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटण्याचे जाहीर केले. प्रत्येकाचा वाटा किती? नातीने पट्टी काढून सांगितले : अठरावा हिस्सा.

आपल्या बीड जिल्ह्यातील कितीतरी मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. शाळा दिंद्रुडला राहते, मोबाईल सोबत जातो. त्यातला धडा फडावरही उघडता येईल. मात्र मोबाईल हाती देऊन उठू नका. शेजारी बसून "का?" एवढे विचारा. त्यासाठी आपण स्वतः शिकलेले असावे लागत नाही.